बुडापेस्टला सुरू झालेला वाद

गुरुजी, तुमच्या पुण्यानुमोदनाचं, उद्याच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचं, पत्रक मी लिहिलं नाही. वाचनालयातल्या रतनने लिहिलं. त्यात 'कालकथित', 'झुंजार' आणि 'दीपस्तंभ' हे तिन्ही शब्द एकाच ओळीत बसवले आहेत. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून पेन्सिल मागितली असती. ते पत्रक हातात घेऊन मी वाचनालयाच्या पायरीवर बसले होते, आणि माझं लिखाण खोडणारा माणूस आता या शहरात राहिला नाही, हे मला तिथे कळलं.

सगळे म्हणाले, कुंदा, एवढा तुझा सहवास, तूच लिहायला हवं होतंस. मी बसले होते लिहायला. जन्म सायखेड्याचा, नोकरी प्राथमिक शिक्षकाची, नामांतराच्या वेळी भोगलेली कोठडी, आणीबाणी उठली त्या वर्षी काढलेलं वाचनालय. सगळं खरं होतं आणि तसंच ते दुसऱ्या कुणाबद्दलही लिहिता आलं असतं. मग ते फाडलं आणि हे लिहायला घेतलं. हे तुम्हाला उद्देशून आहे, कारण यातला अर्धा भाग तुमच्याकडे होता आणि तो तुम्ही तसाच घेऊन गेलात.

रतनचं आणि पोरांचं ठरलं आहे की उद्या कार्यक्रम झाला की तुमचा हार घातलेला फोटो वाचनालयातल्या काचेच्या कपाटात ठेवायचा. फ्रेम तयार आहे. मी म्हटलं, त्या कपाटात काही ठेवायचं नाही, तसं ठरलेलं आहे. रतन खाली बघत म्हणाला, "ताई, ते तुमचं दोघांचं ठरलेलं होतं. आता गुरुजी नाहीत. एकमत व्हायचं राहिलंय कोणाचं?"

तो वाईट बुद्धीने बोलला नाही. त्याचं म्हणणं बरोबरच आहे. तुमच्याशिवाय ते कपाट माझं एकटीचं झालं आहे, आणि मला ते तसं नको आहे.

हे वाचणाऱ्यांना कपाटाची गोष्ट ठाऊक नसेल. पहिल्यापासून सांगते. तुम्ही मध्ये बोलू नका.

बुडापेस्टच्या शांतता परिषदेचं आमंत्रण तुमच्या शिक्षक संघटनेकडे आलं होतं. बरोबर एक लिहिणारी तरुण मुलगी हवी असं तुम्ही कळवलंत आणि आमच्या घरी येऊन बसलात. वडील विडी कामगारांच्या संघटनेत. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. उरलेल्या गठ्ठ्यांची माझ्या वह्यांना कव्हरं चढायची. मी अक्षरं गिरवली ती 'कामगार बंधुभगिनींनो' यावर. अशा घरात परदेशाला नाही म्हणणारं कोणी नव्हतं, फक्त आई म्हणाली, "तिथं थंडी असंल." तुमच्या पत्नीने, माईंनी, स्वतःचा स्वेटर मला दिला. त्या तुम्हाला म्हणाल्या, "पोरीला हरवू नका." मला म्हणाल्या, "यांना हरवू नको."

चार दिवस भाषणं झाली. कानाला यंत्र लावून आपण जगभरची शांतता ऐकली. पाचवा दिवस मोकळा होता. बाकीची मंडळी बसने दुकानं पाहायला निघाली. तुम्ही दाराशी उभे राहून म्हणालात, "दुकानं नाशिकलाही आहेत. इथं चित्रं फुकट दाखवतात म्हणे. चल."

पहिलं संग्रहालय मोठ्या बागेच्या कडेला होतं. खांब असे की मान मागे टाकावी लागे. आत शिरल्याबरोबर एका जाड बाईने खुणेने सांगितलं, कोट काढून इथे द्या. तुम्ही कोट दिलात. मग वाकलात, बूट काढलेत, मोजे नीट बुटात कोंबलेत आणि तेही तिच्यासमोर ठेवलेत. ती बाई आधी बुटांकडे, मग तुमच्या पायांकडे पाहत राहिली. तुम्ही मला म्हणालात, "कोट काढायला लावतात म्हणजे जागा मानाची आहे. बूट घालून कसं जायचं?" तिने बूट परत तुमच्या हातात दिले. हसली नाही ती. उलट घाई न करता, लहान मुलाला देतात तसे दिले. पुढे तुम्ही ही गोष्ट शाळेत सांगायचात आणि हसणं स्वतःकडे घ्यायचात. पण त्या वेळी तुमचा चेहरा उतरला होता, तो मी पाहिला होता. दारात पादत्राणं काढायला लावणारी माणसं आपण जन्मभर पाहिली. घाला म्हणणारी बाई तुम्हाला पहिल्यांदा भेटली होती.

मी दालनांतून सभेला उशीर झाल्यासारखी चालले. राजे, संत, राजांनी पोसलेले संत. प्रत्येक सोनेरी चौकटीमागे मला कोणाचा तरी घाम दिसत होता आणि मी तो तुम्हाला मोठ्याने दाखवत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर विणकाम करणाऱ्या म्हाताऱ्या राखणदारणीने ओठांवर बोट ठेवलं. मागे वळून पाहिलं तर तुम्ही नव्हता. तुम्ही चार दालनं मागे एका बाकावर बसला होता. समोर एक लहानसं, काळसर चित्र. एक बाई तांब्याचं भांडं घासते आहे, आपल्याकडे पाठ करून.

"हिचं तोंड काढलंच नाही त्यानं," तुम्ही म्हणालात.

"मोलकरणीचं तोंड विकत कोण घेणार, गुरुजी?"

"तसं नाही गं. तिला काम करू दिलंय. आम्ही बघतोय, जरा इकडं वळ, असं सांगितलं नाही तिला."

"मग तिला कोणी ओळखणार कसं?"

"सगळ्यांना सगळ्यांनी ओळखलंच पाहिजे का?"

मी म्हटलं हो. आपला सगळा वाद त्या बाकावरच होऊन गेला होता. पुढची चार वर्षं आपण तोच पुन्हा पुन्हा बोललो, फक्त वस्तू बदलली.

दुपारी बागेत बसलो. माईंनी दिलेल्या दशम्या कडक झाल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी मात्र घरच्यासारखीच. माणसं गवतावर पसरली होती. कोणी उठवत नव्हतं. झाडांवरून तपकिरी फळं टपटप पडत होती आणि त्यांचीही कोणी राखण करत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आपल्याकडं बागेत आधी पाटी लावतात, मग झाडं." मग हातातली दशमी तशीच धरून गवतावरच्या माणसांकडे बघू लागलात. मी विचारलं, काय झालं? "काही नाही. आपल्या वस्तीत असं बसायला काय लागेल त्याचा विचार करतोय. एक बाक लागेल. आणि बघायला काहीतरी." कपाट पहिल्यांदा उगवलं ते तिथे.

दुसरं संग्रहालय खेडुतांच्या वस्तूंचं होतं. नांगर, पाळणे, रंगवलेल्या पेट्या, लोकरीचे अंगरखे. इथे माझा चालण्याचा वेग कमी झाला. भाकरी मिळवणाऱ्यांच्या वस्तू राजवाड्यासारख्या इमारतीत ठेवलेल्या मी पहिल्यांदा पाहत होते. एका मोठ्या काचेमागे धनगरांच्या काठ्या ओळीने उभ्या होत्या. कोणावर कोरीव काम, कोणाच्या टोकाला पितळी कड्या. हलवल्या तर वाजतील अशा. मी म्हणाले, "गुरुजी, आपली येसकराची काठी इथं असायला हवी होती."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. काठ्यांकडे पाहिलंत आणि सरळ दालनाबाहेर चालू लागलात.

मी तुम्हाला ट्रामच्या थांब्यावर गाठलं. पिवळी ट्राम आली, आपण चढलो, कुठे उतरायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. पूल आला तेव्हा तुम्ही उतरलात. नदीच्या मधोमध बेट होतं आणि सगळ्या बेटाची बाग केलेली होती. पाण्याकडे तोंड करून एक बाक होता. ऊन उतरलं होतं. डॅन्यूब गढूळ आणि सावकाश, सायखेड्याच्या पुलाखाली गोदावरी असते तशी.

तिथे तुम्ही सांगितलंत. तुमच्या शब्दांत लिहायचा प्रयत्न करते, चुकलं तर माझं.

"आम्ही धम्म घेतला त्या वर्षी गावकीची पाळी, येसकर होऊन गावाची राखण-सांगावे करायची, आमच्या घराची होती. काठी बापाकडं. ती घेऊन दारोदार भाकरी मागायची, घुंगरं वाजवायची म्हणजे लोकांना कळतं कोण आलं. मी शिकून मास्तर व्हायच्या बेतात होतो. सगळ्यांनी देव नेऊन नदीत सोडले, मी देवांबरोबर काठी पण टाकली. बापाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? टाळ्या वाजल्या. मला खांद्यावर घेतलं पोरांनी.

"दुसऱ्या दिवशी सकाळी बाप घरात नाही. नदीवर गेलो तर छातीभर पाण्यात उभा, पायानं चाचपतोय. मी काठावरून ओरडलो. म्हटलं, लाज वाटत नाही का, गुलामी पाण्यात शोधता? अगदी तुझ्यासारखं बोललो, कुंदा, तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. तो म्हणाला, 'पाळी नको रं मला. पण हात लय रिकामा लागतो.' घुंगरं माझ्या आईनं ओवलेली होती. ती तोवर वारली होती. ते मला त्या वेळी आठवलंच नाही. मी पुन्हा ओरडलो. मग तो बाहेर आला, धोतर पिळलं आणि 'बरं' म्हणाला. पुन्हा आयुष्यात त्यानं काठीचं नाव काढलं नाही. नुसता बसायचा तेव्हा उजवा हात मांडीखाली घालून बसायचा. मरेपर्यंत."

एक बोट खालून गेली. तिच्यावरची माणसं आपल्याला हात करत होती. आपण दोघांनीही हात वर केला नाही.

"ती काठी काचेत ठेवलीस तर लोकांना काठी दिसेल," तुम्ही म्हणालात. "मला तो हात दिसेल."

"मग कार्डावर हाताचंही लिहू."

"हात लिहिता येत नाही."

"सगळं लिहिता येतं, गुरुजी."

"तू पत्रकांवर वाढलीस. तुला तसं वाटणारच."

मला राग आला. आजही येतो. मी म्हटलं, आपण टाकून दिलं म्हणून ते झालंच नव्हतं असं उद्या म्हणतील. ज्यांच्या आज्यांनी वरून भाकरी टाकली त्यांची नातवंडं कॉलेजात शिकवायला लागली आहेत. गावकी म्हणजे खेड्यातलं परस्परांचं सहकार्य, असं एक प्राध्यापक माझ्या तोंडावर म्हणाले होते. त्यांच्यासमोर काय ठेवू? तुमच्या वडिलांचं 'बरं' ठेवू? पुरावा लागतो. पुरावा नदीत टाकून चालत नाही.

तुम्ही म्हणालात, "आपण काय पुरावा म्हणून जगायचं का?"

परतीच्या ट्राममध्ये आपण एका बाकावर बसलो, तुम्ही खिडकीकडे तोंड करून आणि मी दाराकडे. माईंना दिलेला शब्द मात्र दोघांनीही पाळला. कोणी हरवलं नाही.

नाशिकला आल्यावर तुम्ही बाक करून घेतलात आणि मग कपाट आणलंत. पिंपळगावात एक मिठाईचं दुकान बंद पडलं होतं, त्याचं काचेचं कपाट. ते कांद्याच्या टेम्पोतून आलं. बरेच दिवस त्याला तुपाचा आणि कांद्याचा असा मिळून वास यायचा. वस्तीतली माणसं आत डोकावून विचारायची, "गुरुजी, पेढे कधी येणार?" तुम्ही म्हणायचात, "आधी आमच्या दोघांत समेट होऊ दे, मग पेढे."

समेटाचा नियम तुमचाच. दोघांचं एकमत झाल्याशिवाय आत काही ठेवायचं नाही. मी म्हटलं मान्य, कारण मी तुम्हाला पटवीन अशी माझी खात्री होती. तुम्हाला कपाटात आपण केलेलं काहीतरी हवं होतं, आपल्यावर लादलेलं नको. पहिली तुम्ही माईंची गोधडी मागितलीत.

"ठेवा की," माई म्हणाल्या. "मंग पांघरू काय, तुमचं वाचनालय?"

तेव्हा दोघंही हसलो. पण अडचण खरी होती. आपल्या माणसांकडे जे आहे ते सगळं वापरात आहे, ते काचेत द्यायला कोणाला परवडत नाही. आणि जे वापरात नव्हतं ते आपण स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडलं. तुम्ही हे एकदा सांजवेळी कपाटासमोर उभे राहून म्हणालात.

पुढे मी एका सभेसाठी विंचूरकडच्या खेड्यात गेले. तिथे एका म्हातारीच्या अंगणात काठी दिसली. बकरीच्या खोपटाला टेकू म्हणून लावलेली, वर दोन घुंगरं अजून लोंबत होती. मी मागितली. तिने टेकूला दुसरं लाकूड लावलं आणि दिली. एस.टी.त ती मी दोन्ही गुडघ्यांत उभी धरून आणली. खड्ड्यागणिक वाजायची. शेजारचा बाप्या उठून दुसऱ्या सीटवर गेला. इतकी वर्षं झाली तरी तो आवाज ओळखणारे लोक एस.टी.त होते.

वाचनालयात तुम्ही एकटेच होता. मी काठी टेबलावर ठेवली. तुम्ही हातातलं पुस्तक मिटलंत, टोपी डोक्यावर नीट केलीत आणि घरी निघून गेलात. आठवडाभर आला नाहीत. वाचनालय उघडायला माई यायच्या. मी काठी घरी नेली. मग एक दिवस आलात आणि माझ्या नव्या पत्रकातल्या एका वाक्यावरून भांडायला लागलात, जणू मधे काहीच घडलं नव्हतं. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी वाट पाहत होते. मला वाटायचं, भांडणाला अजून वर्षं आहेत.

तुम्ही गेलात तेव्हा मी मालेगावला होते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

गुरुजी, तुमचं मी काय काय घेतलं हे उद्या सभेत बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहिते. तुम्ही मला विशेषणं खोडायला शिकवलंत. "तुझ्या पत्रकात शत्रू फार आहेत, माणसं कमी," असं म्हणायचात. मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक छापायला देण्याआधी तुम्ही मला माईंसमोर मोठ्याने वाचायला लावायचात. त्या तांदूळ निवडत ऐकायच्या. जिथे त्यांचा हात थांबायचा ती ओळ ठेवायची, जिथे जांभई यायची ती जायची. पहिल्या पत्रकातून पाऊण पान गेलं. मी चिडून रडले होते. तुम्ही चहा पुढे केलात आणि म्हणालात, "जे उरलं ते वाच आता." मी वाचलं. त्यापेक्षा बरं मी त्याआधी काही लिहिलं नव्हतं.

ते सगळं कबूल. पण काठीबद्दल मी आजही माझ्याच जागी उभी आहे. आणि आता तुम्ही नाही, तर मला कोणी अडवू शकत नाही. उद्या सकाळी कार्यक्रमाआधी मी ती कपाटात उभी करू शकते. रतनने फ्रेम केलेल्या तुमच्या फोटोलाही जागा राहणार नाही. हा विचार मी केला, खोटं कशाला सांगू. एका बाजूला हार घातलेले तुम्ही, ज्याला तुम्ही स्वतःच नको म्हणाला असता. दुसऱ्या बाजूला काठी, जिला तुम्ही नको म्हणत होतात. आणि दोन्हींच्या मध्ये नाही म्हणणारा माणूसच नाही. तुम्ही हरावं असं मला चार वर्षं वाटत होतं. पण हे हरणं नव्हे. खुर्ची रिकामी आहे म्हणून ठराव पास झाल्यासारखं आहे हे.

म्हणून आज दुपारी माईंकडे गेले. दारात चपला खूप होत्या, पण आत माई एकट्याच भिंतीला टेकून होत्या. बायका मागे भांडी करत होत्या. मी त्यांना फोटोचं सांगितलं, काठीचं सांगितलं. म्हटलं, माई, उद्या मी सभेत सांगणार आहे की कपाट रिकामंच राहील. जोपर्यंत गुरुजींची बाजू घेऊन माझ्याशी भांडणारं कोणी मिळत नाही, तोपर्यंत मी त्यात काही ठेवणार नाही.

त्यांनी पदराने नाक पुसलं. "मी हाय ना."

"तुम्ही?"

"का? जल्मभर ऐकलं मी त्यांचं. तुझं बी ऐकलं. मला तुझ्यासारखं बोलता नाय येत, ते तू शिकव."

आणि खरोखर मी शिकवायला बसले. गुरुजी, विचार करा, मी तुमची बाजू मांडत होते, माझ्याच विरुद्ध, आणि जमेल तितकी बळकट करत होते. म्हटलं, त्यांचा पहिला मुद्दा असा, की वस्तू काचेत गेली की बघणारा मोठा होतो आणि वापरणारा लहान. दुसरा, की माणसाने जे स्वतः टाकलं ते त्याच्या परवानगीशिवाय...

"असं नाय म्हणायचे ते," माईंनी मला तोडलं. "एवढं गोल नाय."

"मग कसं म्हणायचे?"

त्या भिंतीपासून सरकून सरळ बसल्या. भांड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी मला विचारलं, आणि विचारण्याची तऱ्हा तुमची होती, उत्तर माहीत असलेल्या मास्तराची.

"ती काठी कुठं ठेवलीस तू?"

"घरी. दाराआड."

"तुझी आई दिसभर त्याच घरात ऱ्हाती ना?"

"हो."

"तिला इचारलंस कधी?"

मी म्हटलं, आईला चळवळीचं सगळं ठाऊक आहे. माई म्हणाल्या, "तसं नाय इचारलं मी," आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी दार पुढे ओढून मागे पाहिलं. इतके महिने मी रोज त्या दारातून आत-बाहेर करते आहे, पण दिवसभर दार उघडं असतं आणि रात्री मी झोपल्यावर आईच ते लावते, त्यामुळे मागे काय आहे ते मला कधी दिसलं नव्हतं. काठी तिथेच होती. आईने तिच्यावर आपलं जुनं लुगडं टाकलं होतं, वरपासून खाली जमिनीपर्यंत. घुंगरांवर आधी चिंधी गुंडाळली होती, दार लागताना वाजू नयेत म्हणून.

मी दार होतं तसं मागे ढकललं. तिने तव्यावरून मान वर केली नाही. म्हणाली, "हात धू, भाकरी गरम हाय."

गुरुजी, हा मुद्दा तुम्ही कधी मांडला नव्हता. तुम्ही वडिलांना विचारलं नव्हतं, आणि मी आईला. उद्या माई उभ्या राहतील तेव्हा मी आईलाही पुढे बसवणार आहे.